स्वातीचा पाऊस आणि आडवे भात

शुक्रवार : चोडण

काल भाऊबीज झाली. आज सूर्य स्वाती नक्षत्रात गेला आणि पाऊस मात्र आषाढासारखा लागून राहिला आहे. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा आहे म्हणे. देशावर म्हणतात, पडतील स्वाती तर पिकतील मोती. ते ज्वारी-हरभऱ्याचे गणित झाले. गोव्यात या दिवसांत सरदीचे, म्हणजे पावसाळी, भात शेतात कापणीला उभे असते, कापलेले असले तर मळणीची वाट बघत असते. इथे स्वातीच्या थेंबाने मोती होत नाहीत, दाण्याला कोंब फुटतात.

डिचोलीचे माझे मावसभाऊ, आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, कृषी खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी गोव्यातले बांध तुडवले. "किनाऱ्यावर लिहिणारे रग्गड आहेत. तू चार दिवस माझ्याबरोबर शेतं बघ," असे ते दर दिवाळीला म्हणत. यंदा मी हो म्हटले आणि नेमका हा पाऊस. "बरंच झालं," दादा म्हणाले, "उन्हात आली असतीस तर तुला सगळं हिरवंगार दिसलं असतं."

रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडली. चोडणला पाहुणे येतात ते सलीम अली पक्षी अभयारण्यासाठी. आम्ही उलट दिशेला, खाजन शेतीकडे वळलो. खाजन म्हणजे खाडीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यातून बांध घालून मिळवलेली जमीन. गोव्यात अशी सुमारे 18,000 हेक्टर आहे आणि तिच्यातली बरीचशी भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. हॉलंडचे कौतुक आपण शाळेत पाठ करतो. हे मात्र घराजवळ असून कुठल्या धड्यात नव्हते.

बांधाला मध्ये दार असते, त्याला मानस म्हणतात. भरतीला बाहेरच्या पाण्याचा दाब पडला की लाकडी झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पाणी त्या ढकलून बाहेर पडते. वीज नको, माणूस नको. आतल्या सखल भागात पाणी साठते, त्याला पोंय म्हणतात. तिथे मासे, सुंगटे वाढतात. वर भात, खाली मासळी आणि दोहोंमध्ये राखलेली पाण्याची पातळी, असा शेकडो वर्षांचा करार.

आम्ही उभे होतो तिथल्या काकांची दोन-तीन शेते मानसापासून जवळ. घोटाभर पाण्यात भात आडवे झालेले. त्यांनी एक लोंबी उचलून माझ्या हातावर ठेवली. दाण्यांच्या टोकांना पांढुरके कोंब.

"मशीन येत नाही?" दादांनी विचारले.

"मशीन रुततं. सुकलं तर येईल. सुकेपर्यंत काय राहील ते बघायचं."

खाजनातल्या भाताचे सगळे काम मिठाशी बेताने वागण्याचे. उन्हाळ्यात माती खारावते, मृगाचा पाऊस ते मीठ धुऊन नेतो, मग पेरणी. पेरणीनंतर पावसाने मोठी उघडीप दिली की खालचे मीठ ओलाव्याबरोबर वर चढते आणि कोवळे रोप करपते. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा कधी पडला आणि मध्ये किती दिवस थांबला, यावर सगळे. 2023 मध्ये तो उशिरा, जूनचा दुसरा आठवडा गाठून आला. यंदा, 2025 मध्ये, 25 मेलाच गोव्यात दाखल झाला, नांगरटीच्या आधीच. काकांना जागतिक तापमानवाढीचे कोष्टक कुणी दाखवलेले नाही. "पूर्वी नक्षत्रं सांगायची. आता मोबाईल सांगतो, आणि तोही तीन दिवसांपलीकडे सांगत नाही," एवढेच ते म्हणाले.

कोरगुट हे इथले जुने भात. उंच, कुसळांचे, मिठाला दाद न देणारे. जुन्या गोव्याला एला इथे असलेल्या केंद्रीय तटीय कृषी संशोधन संस्थेने त्याच कोरगुटातून निवड करून 'गोवा धान' नावाचे वाण काढले. दादांना त्याचा अभिमान आहे आणि रास्त आहे. पण काकांनी त्यांना तिथेच अडवले. "बियाणं मीठ सोसतं, मान्य. पण मानसाची फळी मोडली आणि भरती रोज दोनदा आत आली तर कुठलं भात उभं राहणार?"

फळी खरेच मोडकी होती. कुणी बदलायची? पूर्वी बांध राखायचा तो गावकारीने, म्हणजे कोमुनिदादीने, गावाच्या सामाईक संस्थेने. कूळ कायदा 1964 साली आला, पुढे जमीन कसणाऱ्याच्या हातात आली. हे चांगलेच झाले. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनेवर आली, आणि संघटनेतली निम्मी मंडळी आज पणजीत किंवा परदेशात. मानसावरच्या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेणाऱ्याला मासळीसाठी खारे पाणी आत हवे, शेतकऱ्याला नको. बांधात कुर्ल्या बिळे करतात, ती वेळीच बुजवली नाहीत तर उधाणात तिथूनच भगदाड पडते. एकदा खारे पाणी आत शिरून राहिले की दोन-तीन वर्षांत कांदळवन उगवते. आणि कांदळवन एकदा वाढले की ते तोडायला कायद्याने बंदी. शेतकरी आपल्याच शेताकडे लांबून बघत राहतो. कांदळवन वाईट नाही, बांधाबाहेर असेल तर तेच बांधाचे रक्षण करते. आत आले की पंचाईत.

1901 पासून जगभर समुद्राची पातळी सरासरी 20 सेंटीमीटरने वाढली. वीतभर. घाटावरच्या माणसाला हसू येईल. पण इथला बांध पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाच्या मापाने घातलेला असतो, वर फार तर दोन वीत जादा. त्यातली एक गेली.

परतताना मी दादांना विचारले, मग दोष हवामानाचा की लिलावाचा? ते चिडले. "ही पेपरवाल्यांची सवय. एक आरोपी पाहिजे. अगं, बांध धड असता तर वीतभर पाणी अजून तीस वर्षं सोसला असता. आणि पाणी वाढलं नसतं तर मोडका बांधही तीस वर्षं चालला असता."

शनिवार : आगशी, कुडतरी, राय

पाऊस सकाळी थांबला. आगशीला गेलो. इथले वांगे मोठे, चकचकीत जांभळे. 2023 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सरदीचे भात निघाले की त्याच जमिनीत वांग्याची लावणी करतात. म्हणजे आधी भात निघायला हवे. रोपे वाफ्यात तयार होऊन बसलेली आणि शेतात पाणी. मावशी वाफ्यावरचा प्लॅस्टिकचा कागद सरळ करत होत्या. "आठ दिवसांत गेली नाहीत तर रोप जून होतं, मग धरत नाही," म्हणाल्या. मानांकनाचे प्रमाणपत्र काही वाफ्याला पावसापासून वाचवत नाही.

नव्या झुआरी पुलावरून सासष्टीत. कुडतरीला सासष्टीचे कोठार म्हणतात ते तिथल्या तळ्यांमुळे. राय तळे, अंगडी तळे. पावसाळ्यात भरून घ्यायची आणि वायंगणीला, म्हणजे हिवाळ्या-उन्हाळ्याच्या भाताला, त्यांचे पाणी पाटाने सोडायचे. सोडण्याचा दिवस सगळ्यांचा एकच. मला हे पाहून बरे वाटले. चोडणहून आल्यावर तर फारच. तळ्याकाठी एक निवृत्त गृहस्थ भेटले, बरेच बोलले, त्यातले बरेचसे एका शेजाऱ्याच्या कुंपणाविषयी होते.

राय गावात 5 ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. चर्चमधून मिरवणुकीने शेतात जायचे, पहिली कणसे विळ्याने कापायची, आशीर्वाद घ्यायचा. आपल्याकडे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचमी, तेच नवे धान्य. देव निराळे, तारखेचा हिशेब एकच : जूनच्या आरंभी पेरले तर ऑगस्टात लोंबी दिसते. आता काही वर्षी कणसे धड भरलेली नसतात, मग जिथे आधी पेरलेले असेल तिथून आणतात. फेस्ताची तारीख हलत नाही, पाऊस हलतो.

मशीनचा प्रश्न इथेही. हार्वेस्टर तासावर येतो. सलग मोठा पट्टा असेल तर मालक आधी तिथे जातो. ज्याचे शेत दोन गुंठे इकडे, तीन तिकडे, त्याने शेजाऱ्याशी जुळवून एकत्र कापणी ठरवायची. शेजाऱ्याने शेत पडीक टाकलेले असेल तर मशीन आत जायला वाटच नाही. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळ गोव्याच्या समोरून गेले तेव्हा असेच झाले होते. उभे भात, पाऊस आणि मशीनची वाट. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2021 साली दाखवले की अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या 2001 ते 2019 या काळात आधीपेक्षा 52 टक्क्यांनी वाढली. वादळ किनाऱ्याला टेकलेच पाहिजे असे नाही. लांबून गेले तरी भात आडवे करायला पुरते.

रात्री मडगावात मुक्काम. जेवताना दादांनी नुकसानभरपाईचा विषय काढला. राज्य सरकारचा शेतकरी आधार निधी आहे, अर्ज विभागीय कृषी कार्यालयात करायचा, एक-चौदाचा उतारा जोडायचा. (महाराष्ट्रातल्या वाचकांनी सात-बारा समजावा.) उताऱ्यावर आजोबांचे नाव, आजोबांना सहा मुलगे, त्यांतले दोघे लिस्बनला, एक कुवेतला. कसतो तो सातवाच, तोंडी करारावर. पीक त्याचे गेले, अर्ज कुणी करायचा? शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत 2022 साली हानी-नुकसान निधीवर एकमत झाले, दुबईत पुढच्या वर्षी तो सुरूही झाला. श्रीमंत देशांनी गरीब देशांना द्यायचा पैसा. तो यायचा तेव्हा येवो. दोन हेक्टरांहून लहान शेते जगाचे सुमारे एक तृतीयांश अन्न पिकवतात, हे सगळे जण भाषणात सांगतात. पण त्यांतल्या किती जणांच्या नावावर कागद आहे, हे भाषणात येत नाही.

रविवार : खोला

काणकोण तालुका. राष्ट्रीय महामार्ग सोडून आगोंदच्या दिशेने वळलो की डोंगर एकदम अंगावर येतो. खोल्याची मिरची या उतारांवर होते. विहीर नाही, पंप नाही. मेच्या अखेरीस रोपे टाकायची, जुलैत लावायची, पावसावर वाढवायची, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून खुडायची. 2020 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. रंग गडद लाल, तिखटपणा बेताचा. रेशाद मसाल्याला आणि लोणच्याला गोव्याबाहेरची मिरची घातली तर सासू ओळखते असे इथे म्हणतात. मला नाही ओळखता आली, पण मी सासू नाही.

वेळीप समाजाच्या बायका हे पीक सांभाळतात. पुरुष असतात, पण चौकशी करावी तर बायकांकडेच. वाट घसरडी होती. साठीच्या एक मावशी अनवाणी पुढे आणि आम्ही दोघे झाडे धरत मागे.

उतार कशासाठी, ते वर गेल्यावर कळले. मिरचीच्या मुळाशी पाणी थांबता कामा नये. सपाटीवर थांबते, उतारावर वाहून जाते. पण पाऊस सलग आठ-आठ दिवस तुटून पडला तर उतारावरची माती भिजलेलीच राहते, झाड आधी मान टाकते मग पाने. मावशींनी एक झाड उपटून मूळ दाखवले, तपकिरी झालेले. दुसऱ्या वाफ्यात मात्र झाडे धडधाकट होती.

"ही का जगली?"

"ही माझ्या भावजयीची. तिने पावसाआधी वरून चर खणला. मी नाही खणला. माझी पाठ दुखत होती."

दादांनी लगेच वहीत टिपून घेतले. पुढे त्या जे बोलल्या ते जास्त महत्त्वाचे वाटले मला. चर एकीने खणला तर पाणी दुसरीच्या वाफ्यात जाते. त्यामुळे उतारावरच्या साऱ्या बायकांनी मिळून वरपासून खालपर्यंत एकच चर काढायला हवा. पूर्वी कुमेरी शेतीच्या (रान जाळून, जागा बदलत करायच्या शेतीच्या) काळात डोंगर मिळून कसायचे, मग ते आपोआप व्हायचे. आता प्रत्येकीचा वाफा वेगळा आणि रोजगार हमीचे काम निघाले तर त्या दिवशी सगळ्या तिकडे.

खुडलेली मिरची वाळवायची कुठे, हा यंदाचा खरा प्रश्न. चांगल्या वर्षी कातळावर ऊन तापलेले असते. आज घराच्या पडवीत चुलीवर टांगलेल्या जाळीत मिरची धुरावर वाळत होती. धुराने रंग काळवंडतो, काळवंडलेल्या मिरचीला भाव पडतो. दादा म्हणाले, सौर ड्रायर अनुदानावर मिळतात. मावशी हसल्या. "ऊन असेल तर सौर ड्रायर कशाला? कातळ आहे ना."

यावर दादांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडे तर नव्हतेच. चहा प्यायलो. निघताना त्यांनी कागदात बांधून मूठभर मिरची दिली, पैसे घेतले नाहीत. "विकायची तेव्हा विकीन," म्हणाल्या.

सोमवार : सावईवेरे

आज थोडक्यात, कारण दादांच्या गाडीचा पट्टा तुटला आणि फोंड्यात अर्धा दिवस गेला.

सावईवेरे म्हणजे कुळागरे. सुपारी, माड, केळ, मिरवेल, जायफळ, अननस, आणि मधून झरीचे पाणी खेळवलेले. वर डोंगरावर झाडी राखली तर झर टिकते, झर टिकली तर कुळागर. सुपारीला इथे सगळ्यात मोठा शत्रू कोळेरोग. सततच्या पावसात आणि गारठ्यात बुरशी लागते, कोवळी सुपारी गळून झाडाखाली सडा पडतो. उपाय जुना आणि उत्तम : मोरचूद आणि चुना, प्रत्येकी किलोभर, शंभर लिटर पाण्यात. पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर, दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप साधून. फवारल्यावर ते घोसावर वाळले पाहिजे.

यंदा पाऊस 25 मेला आला. पाडेली, म्हणजे झाडावर चढून काम करणारा, जूनच्या पहिल्या आठवड्याला सांगून ठेवलेला. तो आला तेव्हा झाडे निसरडी झालेली, चढणे जिवावरचे. पहिली फवारणी चुकली. जुलैत उघडीप मिळाली तेव्हा तो दुसऱ्याच्या कुळागरात. झाडावर चढणारी माणसे गावात चार उरली आहेत आणि सगळ्यांना तोच एक कोरडा दिवस हवा असतो. बागायतदार तरुण आहे, शिकलेला, हवामान खात्याचे अंदाज रोज बघतो. "अंदाज बरोबर होता हो," तो म्हणाला. "मला दोन दिवस आधी कळलं होतं. पाडेलीला चार जणांनी सांगितलं होतं."

मंगळवार : सत्तरी

वाळपईच्या पुढे म्हादईच्या काठाने. म्हादईच्या नावाने गोव्यात कुणालाही बोलते करता येते. लवादाने 2018 साली निवाडा दिला, कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी, आणि भांडण अजून चालू आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडेल ही भीती एकीकडे. दुसरीकडे 23 जुलै 2021 ची आठवण. त्या दिवशी नदी गावांत शिरली. मुख्यमंत्र्यांनी 1982 नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हटले. रगाडा नदीवरचा पैकुळचा पूल वाहून गेला. तौक्ते वादळाने मे महिन्यात माड-सुपारी मोडून टाकल्याला तेव्हा दोन महिने झाले होते, लोक अजून मोडलेली झाडे तोडत होते.

दादा मला वाटेत समजावत होते : हवा एका अंशाने तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. सोडते तेव्हा सगळे एका दमात सोडते. घाटमाथ्यावर पडलेले पाणी सत्तरीत यायला काही तासच लागतात.

ज्या भाऊंकडे गेलो त्यांचे सुपारी-केळीचे बागायत नदीपासून दहा-पंधरा पावलांवर. त्या पुरात बागेत गुडघाभर गाळ आला. म्हातारी झाडे तगली, नवी सगळी मेली. केळी एकजात आडवी झाली. त्यांनी सुपारी नव्याने लावली ती यंदा धरणार होती. नदीकाठ का सोडत नाही असे मी विचारले. हा प्रश्न शहरातलेच विचारतात, माहीत होते, तरी विचारला.

"वरची टेकडी आमची आहे. कसतो आम्ही. आजोबांपासून काजू आहे तिथे." त्यांनी हाताने दाखवले. "पण कागदावर मोकाशाची, जुन्या इनामदाराची. वर अभयारण्याची हद्द. खाली नदी."

तर म्हणे ही काजूची बागही 2023 च्या मार्चमधल्या वणव्यात पोळली. त्या आठवड्यात म्हादई अभयारण्यात आणि बाहेरही ठिकठिकाणी आगी लागल्या होत्या. काजूचा मोहोर ऐन भरात असताना. हुर्राक (काजूच्या बोंडूंची पहिल्या धारेची दारू) काढायला बोंडूच नव्हते, भाटी पेटलीच नाही. उरलेल्या झाडांवर माकडे येतात, शेतात गवे. ही सगळी दुखणी हवामानाने आणलेली नाहीत. पण ज्याच्याकडे आधीच चार दुखणी आहेत त्याला पाचवे जड जाते.

भरपाईचा अर्ज त्यांनी 2021 मध्ये केला होता. नदीकाठच्या बागेचे थोडे पैसे आले, त्या तुकड्याचा एक-चौदा त्यांच्या नावावर आहे म्हणून. टेकडीवरच्या काजूचे मात्र वणव्यानंतरही काही नाही. टेकडीच्या जमिनीवर हक्कासाठी वाड्यावरच्या बावीस घरांनी मिळून अर्ज केलेला आहे, त्यावर सुनावणी व्हायची आहे. आधी प्रत्येक घराचा वेगळा अर्ज होता. वेगवेगळे अर्ज फाइलीत एकमेकांच्या हद्दींवरून भांडत राहिले. शेवटी वाड्यावरच्या देवळात बैठक झाली, सगळ्यांनी एकत्र हद्द चालून बघितली आणि एकच नकाशा काढला.

"भांडणं झाली नाहीत?"

"झाली ना. दोन घरं अजून बोलत नाहीत. पण सह्या केल्या."

वहिनींनी जेवायला थांबवून घेतले. उकड्या तांदळाचा भात, हळसांद्यांची आमटी, सुके बांगडे. दिवाळीचे पोहे पूर्वी नव्या भाताचे करत, यंदा दुकानातले आणले, असे त्या म्हणाल्या, तक्रारीच्या सुरात नव्हे, यादी सांगावी तसे.

जेवल्यावर भाऊंनी नकाशाची झेरॉक्स आणून दादांपुढे ठेवली. ओढ्याची रेघ जरा चुकल्यासारखी दिसत होती. 2021 नंतर ओढ्याने आपली वाट थोडी सरकवली आहे आणि नकाशा जुन्या वाटेवर काढलेला. आता सर्व्हे नंबर बदलतात का, तलाठ्याला आधी सांगावे की सुनावणीत, यावर दोघांची चर्चा रंगली. दादांचे म्हणणे आधी सांगावे. भाऊंचे म्हणणे, आधी सांगितले तर पुन्हा मोजणी, आणि मोजणीला पुन्हा बावीस घरे गोळा करा. शेवटी असे ठरले की गुरुवारी दोघांनी वाळपईला मामलेदार कचेरीत जाऊन नुसते विचारून यायचे. माझी सुट्टी बुधवारीच संपत होती.